उतारावरचं गवत

इस्पितळात टाके घालणारी माणसं दोन तऱ्हेची. एक शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर आणि दुसऱ्या टाकेबाई. "डॉक्टरांचे टाके आठवड्यात काढावे लागतात, माझे कापड विरलं तरी निघत नाहीत," हा टाकेबाईंचा एकुलता एक विनोद. तो सगळ्यांना इतका पाठ झाला होता की हल्ली त्या तो सांगतही नसत.

शिवणखोली इस्पितळाच्या मागच्या अंगाला, धुलाईघराला लागून होती. फाटलेल्या चादरी, रोग्यांचे नाडीवाले झगे, उशांच्या खोळी, शस्त्रक्रियेच्या वेळी अंगावर टाकायची मधोमध भोक असलेली हिरवी कापडं, सगळं तिथे यायचं. एके काळी खोलीत तीन मशिनं खडखडत असायची. मग बाहेरून तयार झगे यायला लागले, एक बाई निवृत्त झाली, दुसरी मुलीकडे राहायला गेली आणि त्यांच्या जागी कोणी आलं नाही. दोन मशिनांवर आता चादर पांघरलेली असे. टाकेबाई आठवड्यातून एकदा त्यांना तेल घालत. न चालणाऱ्या मशिनाला तेल कशाला, असं शेजारच्या इस्त्रीवालीने विचारलं तर म्हणत, "गंजून मरण्यापेक्षा झोपून राहिलेलं बरं."

घरीही तीच गत. लग्न केलं नाही, म्हणजे व्हायचं राहून गेलं. धाकट्या भावाचं शिक्षण, मग त्याचं लग्न, मग आईचं आजारपण, असं एकापुढे एक येत गेलं आणि मधे फट म्हणून राहिली नाही. भाऊ लांबच्या शहरात संसाराला लागला. आई गेली. दोन खोल्यांच्या घरात टाकेबाई उरल्या. संध्याकाळी दार लावलं की सकाळी उघडेपर्यंत तोंडातून शब्द निघायचं कारण नसे. सकाळी फाटकावरच्या रखवालदाराला "काय, बरं ना?" म्हणताना आवाज घोगरा यायचा. रखवालदार म्हणायचा, "सर्दी झाली वाटतं, बाई?" टाकेबाई म्हणायच्या, "हो, जरा." रोज सर्दी कशी होईल, हे त्याच्याही लक्षात आलं असणार, पण तो भला माणूस होता.

शिवणखोलीच्या मागे जुन्या झाडांचा एक उतार होता. जमीन इस्पितळाचीच, पण माती सरकते म्हणून कधी तिथे काही बांधलं नाही. उताराच्या तोंडाशी एक बाक होता. दुपारी टाकेबाई तिथे डबा खात. बाकाखाली गवत होतं की नुसता पाला, हे कोणी विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं.

थंडी ओसरत आली होती त्या दिवसांतली गोष्ट. डबा उघडून बसल्या तर समोर उतारावर एक बाई रांगताना दिसली. पन्नाशीच्या अलीकडची, पायांत जाड बूट, गुडघ्यांना माती. पालथी होऊन जमिनीला नाक लावत होती. टाकेबाईंच्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच की वरच्या वॉर्डातून कोणी सुटून आलंय. रखवालदाराला हाक मारावी का, असा विचार करत त्या उठल्या.

"अहो बाई, काही हरवलंय का?"

ती बाई मान वर न करता म्हणाली, "हरवलेलं नाही हो. सापडतंय का ते बघतेय."

"काय?"

"गवत."

टाकेबाईंनी आजूबाजूला पाहिलं. उतारभर गवतच होतं. त्यांना हसू आलं, आणि ते आवाजासकट बाहेर पडलं तेव्हा त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. ती बाईही हसायला लागली आणि मातीतच बसली.

ती गवतांची अभ्यासक होती. शहराच्या कडेने अजून शिल्लक असलेल्या जुन्या झाडीत मूळचं, इथलंच गवत किती उरलंय, हे पाहायचं काम तिच्या संस्थेने तिला दिलं होतं. आठवड्यातला एक दिवस या उताराचा. टाकेबाईंनी तिचं नाव विचारलं होतं, तिने सांगितलंही होतं, पण मनात तिचं नाव गवतबाई असंच पडलं.

पुढच्या आठवड्यात गवतबाई आल्या तेव्हा टाकेबाईंनी डब्यात थोडं जास्त आणलं होतं. मुद्दाम नाही, उरलं म्हणून, असं त्यांनी सांगितलं. त्याच्या पुढच्या आठवड्यातही उरलं. मग उरण्याचं कारण सांगायची गरज राहिली नाही.

गवतबाईंना शिकवायची हौस होती. एक दिवस त्यांनी टाकेबाईंना दोन गवतं धरायला लावली. "हे ओढा."

टाकेबाईंनी ओढलं. ते मुळासकट अलगद हातात आलं.

"आता हे ओढा."

ते हलेना. दोन्ही हातांनी ओढलं तर पानं तुटली, ठोंब जागच्या जागी.

"पहिलं आहे एका वर्षाचं. उगवतं, बी टाकतं, मरून जातं. पाहुण्यासारखं. मुळं कशाला रोवेल? हे दुसरं इथलं राहणारं. बुंध्याशी बघा, काय दिसतं?"

टाकेबाईंनी वाकून पाहिलं. हिरव्या पात्यांच्या तळाशी जुन्या पानांच्या करड्या चिंध्या अडकल्या होत्या, आणि मधे एक दोन वाळलेल्या काड्या उभ्या होत्या.

"जुनी फाटलेली पानं."

"गेल्या वर्षीची. त्याच्या आतली त्याच्या आधीच्या वर्षीची. मागचं सगळं अंगावर घेऊन उभं असतं ते. बहुवर्षायू म्हणतात आम्ही."

"म्हणजे आमच्या घरातलं कपाट," टाकेबाई म्हणाल्या. आईच्या साड्या अजून तशाच होत्या, पण ते त्यांनी सांगितलं नाही.

मग हळूहळू बाकीचं आलं. गवताचं पान काडीला थेट चिकटलेलं नसतं, आधी ते काडीभोवती खोळीसारखं गुंडाळलेलं असतं आणि मग वर मोकळं होतं. हे ऐकताच टाकेबाईंचे कान टवकारले. उभं आयुष्य खोळी शिवण्यात गेलेलं.

"शिवलेली असते की नुसती गुंडाळलेली?"

गवतबाईंनी चमकून पाहिलं. "छान प्रश्न आहे. काही गवतांची शिवलेली असते, नळीसारखी. काहींची एका कडेवर दुसरी कड चढवलेली असते. तुम्हीच बघा इथे काय आहे."

टाकेबाईंनी नखाने कड शोधली. कडेवर कड होती, उघडी. जिथे खोळ संपून पान सुरू होतं तिथे आतल्या बाजूला पातळ पापुद्र्याची एवढीशी पट्टी होती. ती जिभली. कुठल्या गवताची जिभली पापुद्र्याची, कुठल्याची नुसत्या केसांची झालर. काडीच्या पेरांवर बारीक लव होती, ती खालच्या दिशेने झुकलेली. मखमलीवर उलटा हात फिरवल्यावर लागते तशी ती बोटाला लागायची. आणि पान बुडाशी पीळ घेऊन पालथं झालेलं, म्हणजे पानाची खालची बाजू आकाशाकडे.

"असं का?"

"सावलीत राहतं ना. सावलीतल्यांच्या काही सवयी असतात."

गवतबाईंनी या एका गवतावर फार जीव टाकला होता. त्याचं कारण त्यांनी एकदा जेवता जेवता सांगितलं. अशाच रूपाची दोन गवतं होती. दोन्ही इथली, दोन्ही झाडीतली, दोन्ही बहुवर्षायू. ठोंब सारखा, खोळ सारखी, जिभली सारखी, पालथं पानही सारखं. एक अगदी नेहमीचं. दुसरं या भागात कित्येक वर्षांत कोणी पाहिलेलं नव्हतं. दोघांतला फरक कळायचा तो तुरा आल्यावर. नेहमीच्या गवताच्या दाण्याचं टोक बोथट असतं. त्या दुसऱ्याच्या दाण्याला लांब, ताठ केसासारखं कुसळ असतं.

"म्हणजे आपल्या डोळ्यातलं मुसळ आणि दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ, त्यातलं?"

"तेच."

"जन्मभर ती म्हण ऐकली, पण कुसळ म्हणून नीट कधी बघितलं नाही."

"आता बघा. या पेरांवरची लव जास्त दाट आहे. माझं मन सांगतंय की हे दुसरंच आहे. पण मन सांगतंय म्हणून लिहिता येत नाही."

ते दिवस टाकेबाईंचे बरे गेले. बरे म्हणजे किती, हे त्यांना नंतर कळलं. सकाळी जाताना रखवालदार एकदा म्हणाला, "सर्दी गेली बाई तुमची."

उन्हं तापायला लागली आणि गवतबाईंचं काम संपलं. संस्थेने त्यांना दुसरीकडे, पार दुसऱ्या टोकाला पाठवलं. शेवटच्या दिवशी त्यांनी खिशातलं छोटं भिंग टाकेबाईंच्या हातात ठेवलं. घासून घासून त्याच्या कडेचा रंग उडाला होता.

"माझ्याकडे दुसरं आहे. पावसानंतर तुरा येईल. आला की मला फोन करायचा. कुसळ आहे की नाही, एवढंच सांगायचं. असलं तर मी धावत येते."

"आणि नसलं तर?"

"नसलं तर काय, नसलं," गवतबाई म्हणाल्या आणि पिशवी खांद्याला लावून निघाल्या. वळणावर त्यांनी हात केला. त्यांच्या दृष्टीने एक चांगली जागा संपली होती. तिथे एक प्रेमळ बाई होत्या, डबा आणायच्या. जगात अशा पुष्कळ चांगल्या जागा असतात.

टाकेबाईंना मात्र दुसरी जागा नव्हती. त्या उताराकडे जात राहिल्या. ऊन करपवत होतं तेव्हा ठोंब पिवळा पडला. त्यांना वाटलं, गेलं. पाऊस लागला तसं आतून पुन्हा हिरवं निघालं. दुपारी डबा खाऊन झाला की छत्री खांद्यावर अडकवून त्या ओल्या उतारावर उकिडव्या बसायच्या आणि भिंग लावायच्या. इस्त्रीवाली खिडकीतून ओरडायची, "टाकेबाई, पाय घसरला तर तुम्हालाच टाके पडतील!" टाकेबाई हात हलवायच्या.

ठोंबातून काडी वर आली. काडीच्या टोकाशी शेवटच्या पानाच्या खोळीत काहीतरी फुगलं. खोळ उलगडली, आणि विरळ फांद्यांचा एक नाजूक तुरा बाहेर येऊन एका बाजूला कलला. त्या दिवशी टाकेबाईंनी डबा उघडला नाही. त्या आधी उतारावर गेल्या. भिंग डोळ्याशी धरलं. भिंग हलू नये म्हणून कोपर गुडघ्यावर टेकवलं.

दाण्याचं टोक बोथट होतं.

दुसरा दाणा पाहिला. तिसरा. दुसऱ्या ठोंबाचा तुरा पाहिला. अजून कोवळं असेल, कुसळ नंतर फुटत असेल, अशी मनाची समजूत घालून त्या आठवडाभर थांबल्या. आठवड्याने दाणे भरले, टोकं तशीच. सुईच्या नेढ्यात पहिल्या झटक्यात दोरा ओवणाऱ्या त्यांच्या डोळ्यांना नसलेली गोष्ट दिसेना.

रविवारी दुपारी घरी बसून त्यांनी फोन लावला. काय बोलायचं ते मनात नीट घडी करून ठेवलं होतं. तुरा आलाय, कुसळ नाही, तुम्ही बऱ्या आहात ना.

"हॅलो? कोण?"

"मी बोलतेय. इस्पितळातली."

"कुठल्या इस्पितळातून? कोणाला काही झालंय का?"

"नाही, नाही. शिवणखोलीतली मी. उतारावर... गवत..."

पलीकडे गोंगाट होता, कोणीतरी हसत होतं, भांडी वाजत होती. क्षणभर काहीच आलं नाही. त्या एका क्षणात टाकेबाईंना सगळं समजलं. मग एकदम आवाज उजळला.

"अय्या, ताई! शिवणवाल्या ताई! बोला, बोला. कशा आहात?"

"बरी आहे. तुरा आलाय."

"हो का! आणि कुसळ?"

टाकेबाईंच्या मनातली घडी मोडली. समोर आईचा पलंग होता, गादी गुंडाळून ठेवलेली. त्या म्हणाल्या, "आहे."

"आहे? खरंच? केवढं?"

एक खोटं बोललं की त्याला अस्तर लावावं लागतं. "नखाएवढं."

"सरळ की मुरडलेलं?"

"सरळ."

"ताई, फोटो पाठवता येईल?"

"माझा फोन साधा आहे." एवढं एकच त्यातलं खरं होतं.

"असू दे, मीच येते. या शनिवारी येते. काय सांगताय तुम्ही ताई, माझा विश्वास बसत नाहीये!"

फोन ठेवल्यावर टाकेबाई बराच वेळ तशाच बसल्या. मग उठून त्यांनी ओटा पुसला, पुसलेला पुन्हा पुसला. आपण काय केलं ते त्यांना कळत होतं. आणि हेही कळत होतं की शनिवारी गवतबाई येणार. दोन्ही गोष्टी छातीत शेजारी शेजारी बसल्या होत्या आणि एकमेकींशी बोलत नव्हत्या. पुन्हा फोन करून चूक झाली म्हणावं, असं त्यांनी रोज ठरवलं. बुधवारी तर आकडे दाबलेही. वाजायच्या आत बंद केला.

शनिवारी त्यांनी पहाटे उठून डबा केला. दोघींचा. उताराशी पोचल्या तेव्हा गवतबाई आधीच आल्या होत्या आणि एकट्या नव्हत्या. बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, काठी दोन गुडघ्यांमध्ये धरून.

"ताई, हे माझे सर. यांच्याकडे मी गवत शिकले. गुडघा दुखतो, डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलंय, पण ऐकायला तयार नाहीत."

"कसा ऐकेन?" सर म्हणाले. "हे गवत मी पाहिलं तेव्हा माझ्या डोक्यावर केस होते. मरायच्या आधी पुन्हा दिसतंय म्हटल्यावर गुडघ्याचं काय घेऊन बसता! रात्रभर बसमध्ये पाय ताठ ठेवून झोपलोय मी, ताई. तुमच्या कृपेने."

एवढा विचार त्यांनी केला नव्हता. त्यांच्या मनातल्या शनिवारी फक्त दोन माणसं होती.

सरांना धरून उतारावर नेलं. ते कण्हत खाली बसले, मग चक्क पालथे झाले. बुंधा पाहिला, खोळ नखाने उकलली, पेरावरची लव ओठांना लावून पाहिली. "हं. हं. आता तुरा." भिंग लावून त्यांनी एकेक दाणा पाहिला. गवतबाई त्यांच्या खांद्यावरून वाकल्या होत्या. टाकेबाई मागे उभ्या राहून डब्याच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत आणि सोडत होत्या.

"नाही बुवा," सर शेवटी म्हणाले. "कुसळ कुठाय?"

गवतबाईंनी एक तुरा पाहिला, दुसरा पाहिला. मग मागे वळून म्हणाल्या, "ताई, तुम्ही पाहिलं तेव्हा होतं ना? गळून गेलं असेल. वारा पाऊस झाला मधे."

दार उघडंच होतं. हो म्हटलं की आत शिरता आलं असतं. सर जमिनीवरून पुटपुटत होते की गळालं तरी टोकाला खूण राहते, पण लांबून आलेल्या माणसाला पटवून घ्यायचंच असतं, त्यांनीही पटवून घेतलं असतं.

"नव्हतं," टाकेबाई म्हणाल्या.

"काय?"

"कुसळ नव्हतंच. नाही, हे मला दिसत होतं. भिंगाने नीट दिसत होतं."

झाडीत कुठेतरी एक पक्षी एकच सूर पुन्हा पुन्हा लावत होता. गवतबाईंचा चेहरा आधी कोरा झाला आणि मग लाल.

"मग फोनवर का सांगितलंत? नखाएवढं, सरळ... एवढं सगळं? मी कामं सोडून आले. सरांना घेऊन आले, या वयात!"

टाकेबाईंना उत्तर माहीत होतं, पण ते तोंडाने म्हणायला फार लहान आणि लाजिरवाणं होतं. ते पन्नाशी ओलांडलेल्या बाईचं उत्तर नव्हतंच. तरी त्यांनी म्हटलं.

"तुम्ही आला नसता."

सरांनी वर पाहिलं, एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे. मग काठी टेकत, कोणाची मदत न घेता उठले आणि म्हणाले, "त्या पलीकडच्या झाडाची साल जरा बघून येतो." त्या झाडाची साल पाहण्यासारखी मुळीच नव्हती.

दोघी उतारावर उभ्या राहिल्या. गवतबाईंनी बुटाची माती दुसऱ्या बुटाने खरवडली.

टाकेबाईंनी विचारलं, "नुसतं या म्हटलं असतं, तर आला असता?"

हो म्हणणं सोपं होतं, आणि सभ्यपणाचंही. गवतबाई टाकेबाईंकडे बघत राहिल्या. खोटं बोलल्याबद्दल एवढा राग आल्यावर आपण लगेच खोटं कसं बोलायचं, असं त्यांना वाटलं असावं.

"नाही," त्या म्हणाल्या. "नसते आले. राहून गेलं असतं."

टाकेबाईंनी मान डोलावली. त्यांना वाटलं होतं की हे ऐकून आपण मोडून पडू. तसं काही झालं नाही. दुखलं, पण डॉक्टर नेमकं बोट ठेवतात आणि इथेच ना, म्हणतात, तसं दुखलं.

"जेवून जा," त्या म्हणाल्या. "डबा दोघींचा आहे. तिघांत भागवू."

जेवताना बोलले ते सर. त्यांनी भरभरून खाल्लं, मीठ किंचित जास्त झालंय असंही सांगितलं, आणि मग तरुणपणी आपण एका गवताला नवं समजून कसं मिरवलं आणि ते कोणाच्या तरी गोठ्यातल्या चाऱ्यातून आलेलं कसं निघालं, याची गोष्ट सांगितली. गवतबाईंनी ती बहुतेक शंभरदा ऐकली असावी, कारण हसायच्या जागा त्यांना आधीच ठाऊक होत्या. टाकेबाईंनी माफी मागितली. सर म्हणाले, "गुडघ्याची मागा, माझी नको." निघताना गवतबाईंनी टाकेबाईंच्या दंडावर हात ठेवला आणि थोडा वेळ काढला नाही. भिंग परत घ्या, असं टाकेबाई म्हणाल्या. त्यांनी घेतलं नाही. पुन्हा येते, असंही त्या म्हणाल्या नाहीत.

ती दोघं फाटकाबाहेर गेली तेव्हा शिवणखोलीला कुलूप होतं, शनिवारचा अर्धा दिवस. टाकेबाई रिकामा डबा घेऊन घरी आल्या. लाज वाटत होती, ती पुढेही पुष्कळ दिवस वाटणार होती. मशीन चालवताना मधेच आठवायचं आणि मान आपोआप खाली जायची. सरांचं ते पालथं पडणं तर विसरता येण्यासारखं नव्हतंच. पण लाजेच्या खाली दुसरंही काहीतरी जागं झालं होतं. नुसतं या म्हटलं असतं तर, हा प्रश्न त्यांनी एका माणसाला विचारला होता आणि उत्तर मिळालं होतं. दुसऱ्या कोणाला तो त्यांनी कधी विचारलाच नव्हता.

पावसाळा सरला. एका संध्याकाळी त्यांनी भावाला फोन लावला. भाऊ यायचा तो कारणाने. आईला दाखवायला नेलं तेव्हा, आई गेली तेव्हा, घराच्या कागदावर सही हवी होती तेव्हा. टाकेबाईही फोन करायच्या त्या कारणानेच.

"बोल, अक्का," तो म्हणाला. "काय झालं?"

"काही झालेलं नाही."

"मग?"

"मला करमत नाही. तू ये."

"तब्येत ठीक आहे ना तुझी? खरं सांग. डॉक्टर काही म्हणाले का?"

"तब्येत ठणठणीत आहे. नळ गळत नाही, छप्पर गळत नाही, कागद सगळे जागच्या जागी आहेत. कारण काहीच नाही. तरी ये."

"बघतो," तो म्हणाला. बघतो म्हणजे काय, हे टाकेबाईंना चांगलं माहीत होतं. त्यांनी दिवस मोजले नाहीत. उताराकडे जात राहिल्या. तिथे आता तुरे वाळून दाणे गळाले होते, आणि बाकाच्या पायाशी दुसरंच एक रुंद पानाचं गवत होतं, त्याची खोळ शिवलेली निघाली. ते कोणतं, हे विचारायला कोणी नव्हतं. त्या आपल्या बघत राहिल्या.

भाऊ आला. बऱ्याच दिवसांनी आणि एकाच दुपारपुरता, बायको मुलं न आणता. केस पांढरे झाले होते, ते टाकेबाईंनी दारातच पाहिलं. दोघं जेवली. बोलायला फारसं नव्हतं. इतक्या वर्षांत कारणाशिवाय बोलायची सवयच गेलेली. तो ऑफिसाविषयी बोलला, टाकेबाई इस्त्रीवालीविषयी. मग तो जरा पडतो म्हणून आईच्या पलंगावर आडवा झाला आणि पाचच मिनिटांत घोरायला लागला. टाकेबाईंनी गुंडाळून ठेवलेली गादी त्याच्यासाठी सकाळीच पसरली होती. तो झोपला होता तोवर त्या जवळच्या खुर्चीत बसून राहिल्या. घरात दुसऱ्याच्या श्वासाचा आवाज होता. त्या आवाजासाठी काही करायची गरज नव्हती, म्हणून त्यांनी काही काम काढलं नाही.

संध्याकाळच्या गाडीने तो गेला. जाताना म्हणाला, "वहिनीने तुला बोलावलंय." तिने बोलावलं नसणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. टाकेबाई म्हणाल्या, "येईन. पण तू बोलाव." तो ओशाळून हसला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचा फोन आला. पोचलो, म्हणाला. सकाळीच पोचला असणार.

"बरं," टाकेबाई म्हणाल्या.

तो फोन ठेवेल म्हणून त्या थांबल्या. त्याने ठेवला नाही.

"काय करतेयस?" त्याने विचारलं.

"काही नाही. बसलेय."

"मीही बसलोय," तो म्हणाला, आणि दोघंही तशीच बसून राहिली, फोन कानाला लावून.